नऊ मुद्द्यांचा कागद

राजकुमार सर भित्रे होते, आणि ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत. ऑगस्टात नवी बॅच आली की पहिल्याच तासाला ते म्हणायचे, तेवीस वर्षं मी विजेचं काम शिकवतोय आणि अजून पॅनेलचं दार उघडताना माझ्या पोटात गोळा येतो. पोरं हसायची. जी जास्त हसायची त्यांची नावं सर लक्षात ठेवायचे. त्यांच्या मते शूर वायरमन दोनच ठिकाणी सापडतो, घाटी दवाखान्याच्या वॉर्डात नाहीतर हार घातलेल्या फोटोत.

शहरातल्या एका खासगी आयटीआयमध्ये ते इलेक्ट्रिशियन ट्रेडचे निदेशक होते. मूळचे सिल्लोडचे. वडील सखाराम जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आणि पोरानं गाठी उचलायच्या नाहीत एवढा एकच हट्ट त्यांनी आयुष्यभर धरला. दहावीनंतर राजकुमारनं हमीदभाईंच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात दोन वर्षं काढली. हमीदभाई मोठे उस्ताद. त्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, आणि उरलेली दोन कुठं गेली हे ते कुणी न विचारता सांगायचे. सरांची भीती तिथली. पुढं आयटीआय झालं, डिप्लोमा झाला, नोकरी लागली, सिडकोत दोन खोल्या झाल्या. भीती मात्र त्यांनी जपून ठेवली, घरातली पितळेची भांडी जपावीत तशी.

त्यांचं शिकवणंही भित्र्या माणसाचंच. फ्यूज काढला की काढणाऱ्यानं तो आपल्याच खिशात ठेवायचा, टेबलावर नाही, दोस्ताच्या हातात तर नाहीच, असा त्यांचा नियम. तुम्ही आत हात घालून बसलेले असताना कुणा शहाण्यानं तो परत लावू नये म्हणून. हा नियम ते घरीही पाळायचे, त्यामुळं वर्षातून दोन-तीनदा त्यांच्या पँटसोबत फ्यूजही धुऊन निघायचा आणि पत्नी रत्नमालाबाई तो दोरीवर चिमट्यानं वाळत घालायच्या.

दुसरा त्यांचा रिवाज म्हणजे बॅच बाहेर पडण्याआधी, मे महिन्यातला फटाका. वर्कशॉपमध्ये एक मोठा कपॅसिटर होता. कारखान्यांत अशा कपॅसिटरांची रांगच असते. त्यात वीज साठून राहते आणि मेन स्विच बंद केला तरी ती आत असू शकते. सर तो चार्ज करायचे, पोरांसमोर स्विच बंद करायचे, वायर सोडवून लांब ठेवायचे आणि विचारायचे, आता आहे का करंट? सगळी एका सुरात नाही म्हणायची. मग सर रबरी मोजे घालून एक जाड वायर त्याच्या दोन्ही टोकांना टेकवायचे. फाट्‍दिशी असा आवाज व्हायचा की शेजारच्या फिटर ट्रेडची पोरं धावत यायची. त्या दिवसानंतर कपॅसिटर रिकामा केल्याशिवाय त्याला बोट लावणारा विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेला नाही. हे त्यांनी कधी फळ्यावर लिहिलं नाही, वहीत उतरवून दिलं नाही. आवाजानंच काम व्हायचं.

फोनचं प्रकरण सुरू झालं त्याला दोनेक वर्षं झाली. ज्या पोराला ट्रान्सफॉर्मर हा शब्द एका पानावर चार तऱ्हांनी लिहायची सवय, त्याच्या जर्नलमध्ये अचानक ‘सदर प्रयोगातून पुढील निष्कर्ष प्राप्त होतात’ असली वाक्यं अवतरू लागली. एकानं तर निळ्या पेननं, वळणदार अक्षरात, ‘आपणास आणखी काही मदत हवी असल्यास जरूर सांगा’ हेही उतरवून घेतलं होतं आणि त्याखाली पट्टीनं रेघ मारली होती. सगळी जर्नलं एआयनं लिहिलेली. पोरं फक्त भारवाहू.

प्राचार्य इंद्रजीत सरांनी कंबर कसली. आधी दारात फोन जमा करायची पेटी आली. पोरांनी त्यात घरातले बंद पडलेले फोन टाकले. मग जर्नल हातानंच लिहायचं असा फतवा निघाला, तेव्हा फोनवरचं हातानं उतरवणं सुरू झालं आणि चांगलं अक्षर असलेल्यांना वर्गात भाव आला. शेवटी चोरी पकडणारं एक सॉफ्टवेअर घेतलं. त्याला मराठी धड कळत नव्हतं, म्हणून त्यानं सगळ्यांना निर्दोष सोडून दिलं. स्टाफरूममध्ये यावर लई हशा पिकला. राजकुमार सरांना हसू आलं नाही. इतिहासाचा निबंध फोननं लिहिला तर इतिहासाचं काही बिघडत नाही, असं ते म्हणायचे. पण ही लेकरं सहा महिन्यांनी कुठल्यातरी कंपनीत पॅनेल उघडतील. उत्तर फोन देईल, पण आत हात यांचा जाईल.

म्हणून त्यांनी आपला वेगळा उपाय काढला. जर्नलं कपाटात टाकली आणि तोंडी परीक्षा लावली, तीही पॅनेलसमोर उभं करून. हात पाठीमागं. आधी बोलायचं, मग हात पुढं. उत्तर चुकलं की सर नावापुढं ‘मेला’ किंवा ‘मेली’ असं लिहायचे आणि शनिवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. पहिल्या आठवड्यात एकोणतीसपैकी तेवीस गेले. पोरांना हा प्रकार आधी विनोदी वाटला, मग वाटेना. एका आईनं येऊन तक्रार केली, की माझ्या पोराला रोज मारता काय? सर म्हणाले, बाई, मी वहीतच मारतोय.

श्रेया त्या वहीत एकदाच मेली. देवगाव रंगारीची पोरगी, वडील रामकिसन शेती करायचे, रोज एसटीनं ये-जा. तिनं एकही उत्तर फोनकडून घेतलं नाही. मैत्रिणी हसायच्या तर म्हणायची, त्याला कधी शॉक बसलाय का, मग त्याला काय इचारायचं? सर सांगतील ते पाठ करायची आणि जे सरांनी सांगितलं नाही ते करायची नाही. अशी एक पोरगी वर्गात असली की मास्तरला आपला जन्म वाया गेला नाही असं वाटतं. सरांनाही वाटायचं, आणि ते लपवायचा प्रयत्नही ते फारसा करायचे नाहीत.

मे महिन्यात मानांकनाची तपासणी आली. चार दिवसांत चौसष्ट फायली हव्या होत्या. पाठ टाचणं, प्रात्यक्षिकांचे आराखडे, सुरक्षेचे तक्ते, सगळं छापील. मीटिंगमध्ये इंद्रजीत सरांनी आवाज उतरवून सांगितलं, की वेळ कमी आहे, तर ते वापरा ना. ते म्हणजे तेच, ज्याच्यासाठी दारात पेटी ठेवली होती. राजकुमार सर दोन दिवस अडून बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आले, समोर कोरे कागद घेऊन बसले आणि पुतणी सोनियाला म्हणाले, बघू ते कसं करतात. पोळी गार व्हायच्या आत सोनियाच्या फोनवर अकरा कागद तयार झाले. त्यातला एक होता ‘पॅनेलवर काम सुरू करण्यापूर्वी’. नऊ मुद्दे. सरांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. एकेक मुद्दा बरोबर होता, भाषा तर त्यांच्यापेक्षा चांगली. त्यांनी सही केली, गोल शिक्का मारला. कागद भिंतीवर लागला आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक प्रत मिळाली. त्याच आठवड्यात रंग द्यायचा म्हणून वर्कशॉप बंद राहिलं. राहिलेली प्रात्यक्षिकं झाली असं रजिस्टरात लिहिलं गेलं. तपासणीवाले खूश होऊन गेले.

आणि जूनमध्ये चमत्कार झाला. तोंडी परीक्षेत कुणी मरेना. एकामागून एक सगळे पॅनेलसमोर उभे राहून नऊच्या नऊ मुद्दे घडाघडा सांगू लागले. सरांनी त्या शनिवारी येताना गुलमंडीवरून जिलेबी आणली. सगळे एकाच क्रमानं, एकाच शब्दांत बोलतात, हे त्यांना खटकलं नाही असं नाही. पण पाढेही सगळे सारखेच म्हणतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. जुलैत परीक्षा झाली, निकाल लागला आणि ऑगस्टअखेर ती बॅच शिकाऊ म्हणून ठिकठिकाणी लागली. श्रेयाला वाळूजच्या कंपनीत मेंटेनन्स विभागात जागा मिळाली.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, पुढच्या बॅचची मोनिका पॅनेलसमोर उभी होती. औरंगपुऱ्यातल्या स्टेशनरीवाल्याची पोरगी, बोलायला चटपटीत. तिनं हात पाठीमागं ठेवून नऊ मुद्दे सांगितले. मेन बंद, कुलूप, पाटी, टेस्टर, सगळं. मग हात पुढं केला आणि सरळ कपॅसिटरच्या टोकाकडं नेला.

सरांनी तिचं मनगट इतक्या जोरात धरलं की बोटांचे वळ उठले. पॅनेल कालपासून बंद होतं, कपॅसिटरमधली वीज एव्हाना उतरलेली, काही झालं नसतं. मोनिका रडकुंडीला येऊन म्हणाली, “नऊ झाले ना सर?”

सरांनी पुढच्या चौघांना उभं केलं. चौघांनी नऊ मुद्दे सांगितले आणि चौघांनी तिथंच हात घातला. मग सर भिंतीजवळ गेले आणि आपल्याच सहीचा कागद चार महिन्यांनी पुन्हा वाचला. त्यात चूक नव्हतीच. चूक असती तर त्या दिवशी डोळ्यांना खुपली असती. फक्त कपॅसिटर रिकामा करा हे त्यात नव्हतं. नऊ बरोबर होते आणि दहावा कुणी लिहिलेलाच नव्हता. आणि ज्या फटाक्यानं तो दरवर्षी शिकवला जायचा, तो यंदा रंगकामात बुडाला होता. हमीदभाई म्हणायचे, ‘बंद किया तो मर गया बोलके समझना नै, बेटा. वो अंदर बैठा रैता.’ हे एक वाक्य सोडून सरांनी बाहेर पडलेल्या बॅचला सगळं शिकवलं होतं.

एकोणतीस पोरं बाहेर गेली होती. तो कागद घेऊन.

इंद्रजीत सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि केबिनचं दार लोटलं. घाईनं ग्रुपवर काही टाकू नका, आपण सुधारित आवृत्ती काढू, मानांकनाचं पत्र अजून हातात आलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता, पण पत्राची वाट बघत होता. राजकुमार सर तिथून ऑफिसात गेले, बॅचची यादी घेतली आणि क्लार्कच्या शेजारी बसून फोन लावायला सुरुवात केली. पोरांचे फोन बहुतेक बंद, कारण कंपन्या ते गेटवरच काढून घेतात. मग कंपन्यांच्या ऑफिसात, सुपरवायझरांना, घरी, जिथं लागेल तिथं. एकच वाक्य, कपॅसिटर रिकामा केल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून आत्ताच्या आत्ता सांगा. काहींनी वेड्यात काढलं. एक वाजेपर्यंत अठ्ठावीस नावांपुढं टिक झाली. राहिली श्रेया.

तिचा फोन बंद. कंपनीचा फोन वाजून वाजून थांबत होता. सरांनी देवगावला रामकिसनरावांना लावला. ते शेतात होते. म्हणाले, सकाळपाळीला गेलीय, तीनला सुटंल. मग आवाजात कौतुक आणून त्यांनी विचारलं, “काय सर, पोरगी बरं करतीय ना आमची?”

व्हय, म्हणाले सर. चांगलं करतीय. आणि फोन ठेवून त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली.

स्कूटरवरून वाळूज म्हणजे अर्धा-पाऊण तास. ती वाट सरांनी हजारदा केली असेल, पण त्या दिवशी एकही सिग्नल लवकर सुटला नाही. मनाला ते समजावत होते, की आजच कशाला पॅनेल उघडतील, नव्या पोरीला कशाला हात लावू देतील, आणि कपॅसिटरात वीज आपोआप उतरायची सोय असते की. ती सोय जुनी झाली की बिघडते हेही त्यांनाच ठाऊक होतं. नगर नाक्यावर समोरून अँब्युलन्स आली. सरांनी स्कूटर कडेला घेतली आणि ती पुढं जाईपर्यंत खिडकीच्या पडद्याकडं बघत राहिले. ती वाळूजकडूनच आली होती. मागून कुणीतरी हॉर्न वाजवून शिवी दिली तेव्हा ते भानावर आले.

गेटवरच्या वॉचमननं रजिस्टर पुढं सरकवलं. मेंटेनन्सचं कोणी आत्ता भेटणार नाही, तीनला सुट्टी होईल तेव्हा बघा, म्हणाला. सरांनी विचारलं, आज आत काही झालं का?

वॉचमन दुसरीकडं बघू लागला. “सुबह कुछ तो हुवा था,” तो म्हणाला. “एक लडकी थी.”

पुढं तो काही सांगेना. ‘थी’ एवढंच बोलून गेला. तीनला पंचवीस मिनिटं होती. सर भिंतीला टेकून उभे राहिले. आपण त्या रामकिसनला व्हय म्हणालो, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. इतके दिवस वहीत पोरं मारली, आणि खरी मारायची वेळ आली तेव्हा सही करून मारली, असं त्यांना वाटत होतं, आणि वाटतच राहिलं.

तीनचा भोंगा झाला. माणसांच्या लोंढ्यात शेवटी श्रेया दिसली. चालत येत होती. उजव्या हाताला बोटांपासून मनगटापर्यंत पट्टी, आणि तो हात तिनं दुसऱ्या हातानं असा धरलेला की दुसऱ्या कुणाचा असावा. सरांना बघून ती दचकली, आणि पहिलं काय केलं तर मान खाली घातली.

सरांनी कसंबसं विचारलं. ती सांगू लागली. सोबतचे मेकॅनिक स्क्रू आणायला गेले, जाताना म्हणाले तोवर कपॅसिटरची टोकं पुसून घे. तिनं मेन बंद केला, कुलूप लावलं, पाटी लावली, टेस्टर लावला. मग हात लावला आणि दोन हात मागं जाऊन पडली. दोन बोटं भाजली. डॉक्टर म्हणाले, नशीब चांगलं.

“मग सुपरवायझर इचारत होते, हे कॉलेजात शिकवलं नाय का म्हणून,” ती म्हणाली. “मी लिहून दिलं सर. सरांनी शिकवलं व्हतं, मीच इसरले.”

सरांना वाटलं होतं की पोरगी जिवंत दिसली की भीती संपेल. ती संपली नाही.

“तू इसरली नाहीस,” ते म्हणाले. “मी शिकवलंच नव्हतं.”

तिला ते पटेना. ती म्हणत राहिली, की तुमच्या कागदात असंल सर, माझ्याच ध्यानातून गेलं असंल. तिनं पर्समधून डाव्या हातानं तो कागद काढला, घडीवर झिजलेला, आणि पहिल्यापासून वाचू लागली. नवव्या मुद्द्याशी येऊन थांबली. कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. मग तिनं सरांकडं पाहिलं, आणि तेवीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्यानं त्यांच्याकडं असं पाहिलं नव्हतं.

सरांनी तो कागद तिच्या हातातून घेतला आणि वॉचमनला सांगितलं, की सुपरवायझरला भेटल्याशिवाय मी इथून हलत नाही. पाच-दहा मिनिटं हुज्जत झाली आणि शेवटी दोघांना आत सोडलं.

सुपरवायझर तरुण इंजिनिअर होता, कॉलेजातून बाहेर पडून तीन वर्षं झालेला, बोलायला गोड. श्रेयाचा शिकाऊ करार थांबवावा लागेल, असं तो म्हणाला, कारण तिनं स्वतःचा निष्काळजीपणा लिहून दिलाय. सरांनी तो जबाब मागितला. म्हणाले, हा फाडा आणि मी सांगतो ते लिहा. चूक पोरीची नाही, माझी आहे. तिला हे शिकवलं गेलं नाही. हा कागद मी मशीनकडून करून घेतला, माझ्या सहीनं वाटला, आणि ती यातल्या एकेका ओळीप्रमाणं वागली म्हणून भाजली. माझी नोकरी गेली तरी चालेल, पण हे तिच्या नावावर राहता कामा नये.

सुपरवायझरनं कागद घेतला. एकेका मुद्द्यावर बोट ठेवत, सावकाश, शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

“पण सर, यात चूक काय आहे?” तो म्हणाला. “बरोबर तर आहे सगळं. उलट छान लिहिलंय. आमच्या भिंतीवर लावायला एक झेरॉक्स घेऊ का?”

त्याच्या पाठीमागं काच होती आणि काचेपलीकडं पॅनेलांची रांग. दुसऱ्या पाळीची दोन माणसं त्यातल्या एकाचं दार उघडत होती. राजकुमार सर खुर्ची पाडून उठले आणि दोन्ही हातांनी काचेवर थापा मारू लागले.